कुंदामावशीची शनिवारची शिफ्ट

म्युच्युअल म्हणजे काय, हे भिलाईत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. माझी शिफ्ट तू कर, तुझी मी करते. दोघींनी सह्या करायच्या, सुपरवायझरने मान हलवायची, झालं. कुणाच्या घरी लग्न, कुणाचा पोट्टा तापाने फणफणलेला, कुणाला गावी जायचंय, सगळं या म्युच्युअलवर निभायचं. आमची आई आणि समोरची कुंदामावशी यांचं मात्र लग्नाकार्यापुरतं नव्हतं, बारमाही चालायचं. दोघी एकाच लॅबमध्ये केमिस्ट. इंडस्ट्रियल एरियातली खाजगी लॅब होती ती. आजूबाजूच्या कारखान्यांतून लोखंडाचे, कोळशाचे, चुनखडीचे नमुने तपासायला यायचे आणि काम तीन शिफ्टांत चालायचं. दोघींची, म्हणजे नवऱ्यांना मिळालेली, क्वार्टरं पोलाद प्लँटच्या मरोदा वसाहतीत, एकाच जिन्यावर, समोरासमोर. आई पहाटे ए शिफ्टला गेली की आम्ही चौघं पोट्टे कुंदामावशीच्या ताब्यात. दुपारी कुंदामावशी बी शिफ्टला निघायची आणि तिच्या हाती काम सोपवून आई घरी यायची. एकीवर रात्रीची सी शिफ्ट आली की चौघंही दुसरीच्या घरी जमिनीवर ओळीने झोपायचो. रोस्टरवर काहीही लिहिलेलं असो, दोघी एकाच वेळी ड्यूटीवर कधी नसायच्या. आज माझ्या कंपनीतली एचआरवाली पोरगी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून पालकांसाठी लवचीक वेळ म्हणजे काय ते आम्हाला समजावून सांगते, तेव्हा मी कॅमेरा बंद करते आणि चहा ठेवायला उठते.

चौघं म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ सोनू, कुंदामावशीची रंजी आणि तिची धाकटी गुड्डी. रंजी माझ्याच वर्गात होती. सोनू आणि गुड्डी थोड्या दिवसांच्या अंतराने जन्मले. दोघी बाळंतिणींनी कामावर परत जाताना हे म्युच्युअल पक्कं केलं. तेव्हा जी घरी असेल ती दोन्ही बाळांना अंगावर पाजायची, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. म्हणजे बाबांना वाटलं असेल, पण ते बोलले नाहीत. बाबा प्लँटमध्ये क्लार्क होते. आमचे लोक वर्ध्याकडचे, पांढरपेशे. कुंदामावशी भंडाऱ्याच्या बाजूची, धानाची शेती असलेल्या घरातली, शिकून बीएस्सी झालेली. तिचा नवरा नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीवर होता. तो आठवडाभर तिकडेच राहायचा, रविवारी यायचा, कोंबडी आणायचा, जेवून झोपायचा आणि संध्याकाळच्या बसने परत. त्याचा आवाज कसा होता हे मला आज आठवत नाही, घोरणं आठवतं.

कुंदामावशीचं घर म्हणजे आवाजच आवाज. ती स्वतःशी बोलायची, भांड्यांशी बोलायची, रेडिओला उत्तरं द्यायची. पहाटे आई आम्हाला अर्धवट झोपेत तिच्याकडे सोडून जायची आणि डोळे उघडतात तो हिची बडबड सुरू झालेली. "उठा वं पोट्टेहो, सूर्य डोक्यावर आला, कोणाची वाट पाहून राहिले?" सूर्य कुठला डोक्यावर, प्लँटचा भोंगासुद्धा व्हायचा असायचा. मग एकाच बाटलीतलं तेल चौघांच्या डोक्यावर. माझ्या आणि रंजीच्या वेण्या ती इतक्या घट्ट घालायची की भुवया वर ओढल्या जायच्या. उन्हाळ्यात सकाळी तिच्याकडे बासी मिळायची, म्हणजे रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेलं, सोबत कांदा आणि हिरवी मिरची. आमच्या वर्ध्याकडच्या आत्याबाईंनी हे एकदा पाहिलं आणि नाकाला पदर लावला. मला मात्र तीच आवडायची. पावसाळ्यात लाखोरीच्या डाळीचे वडे. ते कढईतून निघायच्या आत आम्ही ताटल्या घेऊन चुलीपाशी, आणि ती झाऱ्याने धाक दाखवत म्हणायची, "हात भाजला तं माह्याजवळ रडत नको येजो, तुह्या मायजवळ जाजो!" भाजला की आम्ही तिच्याचजवळ रडायचो.

आमच्या घरी आवाज कमी. आई दुपारी लॅबमधून यायची तेव्हा तिच्या साडीला ॲसिडचा वास असायचा आणि बोलायची ताकद उरलेली नसायची. तिची भाषाच तुटक होती. "जेवा." "हात धुवा." "तो आवाज बंद करा." गुड्डी आणि रंजी तिला मोठी आई म्हणायच्या. सोनूला ती दुपारी न चुकता झोपवायची, शेजारी गुड्डीला, आणि दोघांच्या मध्ये स्वतः आडवी होऊन डोळ्यांवर पदर घ्यायची. मधला जो वेळ असायचा, कुंदामावशी निघाली आहे आणि आई अजून पोहोचलेली नाही असा, तो वेळ पोट्टे सांभाळायचं काम माझ्याकडे आणि रंजीकडे. गंमत अशी की त्या वेळात बाबा घरी असायचे. ऑफिस जवळ, रोज जेवायला सायकलने घरी. ताटावर बसायचे, पोळी गार आहे म्हणायचे, मग कूलरसमोर सतरंजीवर डुलकी काढायचे. चार पोरं त्यांच्या अंगावरून उड्या मारत असायची. पण पोरांजवळ कोण आहे, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं: कुणी नाही.

हे सगळं बिघडलं ते सोनूच्या वाढदिवसाला. चार वर्षांचा झाला म्हणून बाबांनी वर्ध्याहून आत्याबाई आणि काका बोलावले, ऑफिसातल्या साहेबांनाही बोलावलं. केक आला, टोप्या आल्या. आमच्या सोनूचा पाय टेबलाला लागला, तो भोकाड पसरून रडायला लागला, आणि आई हात पसरून उभी असताना तिला ओलांडून "आई, आई" करत कुंदामावशीच्या कमरेला जाऊन बिलगला. कुंदामावशी हसली. "आवं बाप्पा, आई तिकडं आहे न रे!" साहेबही हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई नोकरी करते म्हटल्यावर पोरानं आई कुठून ओळखावी!" बाबांचा चेहरा असा झाला की मी केकचा तुकडा तोंडात धरून ठेवला, गिळला नाही.

पाहुणे गेल्यावर बाबा आईशी बोलले. ओरडले वगैरे नाहीत. माझे बाबा कधी ओरडत नसत, त्याबद्दल त्यांची ख्याती होती. टोप्या गोळा करत, एकात एक नीट बसवत ते म्हणाले, "दिवसाची ड्यूटी मिळते का पाहा. दिवाळीपर्यंत मिळाली तं ठीक. नाही तं राजीनामा देऊन टाक." आई म्हणाली, "आणि तुमी?" बाबांना खरंच कळलं नाही. "मी काय?" त्यांनी विचारलं. आईने केकचा खोका चुरगळून कचऱ्यात टाकला. एमएस्सीला विद्यापीठात नंबरात आलेली बाई होती ती. लॅबमध्ये तिच्या सहीशिवाय रिपोर्ट बाहेर जात नसे. त्या दिवसापासून तिच्या नोकरीचा जीव टांगणीला लागला आणि आमच्या घरात तेवढा एकच विषय उरला.

आणि नेमक्या त्याच सुमारास लॅबला नव्या साहेब आल्या, सिन्हा मॅडम. छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं, रायपूरकडे नवी नवी माणसं येत होती, त्यातल्याच त्या एक. दिल्लीच्या हेड ऑफिसमधून आलेल्या, सुती साड्या, आवाज मऊ. त्यांनी मीटिंग घेऊन सांगितलं की लहान मुलांच्या आयांसाठी फ्लेक्सी सुरू करायचं आहे. म्हणजे नऊ वाजता यायचं, दुपारी लवकर घरी जायचं, उरलेली आकडेमोड आणि रिपोर्ट घरी बसून करायचे, शिफ्ट नाही. पण हेड ऑफिस म्हणतं, आधी एकीवर करून पाहा. एकच जागा. लॅबमध्ये लहान पोरांच्या आया दोनच होत्या. जिच्या घरी पोरांची काहीच सोय नाही तिला ही जागा मिळेल, आणि सोय आहे की नाही ते मी स्वतः घरी येऊन बघेन, असं मॅडमनी सांगितलं. कुंदामावशी घरी येऊन खदखदा हसत होती. "ताई, पाह्यजा आता! आपल्या दोघीची सोय तं आपण दोघीच आहोत. मॅडमले काय दिसन?"

आई हसली नाही. पीठ मळत होती, ती मळतच राहिली. तिला ते ऐकता क्षणीच कळलं असणार: दोघींपैकी जी दुसरीची सोय म्हणून दिसेल ती जिंकेल, आणि जिला सोय आहे असं दिसेल ती हरेल. कुंदामावशीला हे सुचलं नाही. ती मूर्ख नव्हती हो, पण तिच्या डोक्यात दोन घरं वेगळी नव्हतीच. ती म्हणाली, "तुमाले भेटलं तं माह्यं काय जाते? तुमी दिवसाच्या, मी शिफ्टवाली, पोट्टे तुमच्याजवळ. मले भेटलं तं तुमचे माह्याजवळ." आई म्हणाली, "हाव." एवढंच. हे मी स्वयंपाकघराच्या दारात शेंगा सोलत बसून ऐकलंय, त्यामुळे कुणी मला सांगू नये की आईला कुंदाचं मन कळलं नव्हतं.

मॅडमनी आईला, सिनिअर म्हणून, बोलावून सांगितलं की येत्या शनिवारी दुपारी मी मरोद्याला येते, दोन्ही घरं बघते, कुंदालाही सांगून ठेवा. आई म्हणाली, सांगते. आणि नाही सांगितलं. शनिवारी आईची बी शिफ्ट होती आणि कुंदामावशीची सुट्टी. गुरुवारी आई जिन्यात उभी राहून तिला म्हणाली, "शनिवारची माझी बी करशील का? सोनूले डॉक्टरकडं न्या लागते, कान दुखते म्हणते." कुंदामावशीने एका शब्दानेही विचारलं नाही. "करतो ना ताई, त्यात काय," म्हणाली, आणि आत येऊन सोनूच्या कानात गरम तेलाचे दोन थेंब टाकून गेली. सोनूचा कान ठणठणीत होता. तो तेल पुसत माझ्याकडे बघत राहिला.

शनिवारी सकाळपासून आई पदर खोचून स्वयंपाकाला लागली. एवढा स्वयंपाक तिने दिवाळीलाही केला नव्हता. सांभारवड्या केल्या. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो, तिचं सारण भरलेल्या तळलेल्या गुंडाळ्या, आणि सोबत कढी. गुड्डीचा जीव होता त्यांवर. कुंदामावशी दुपारी ड्यूटीवर निघाली तेव्हा वास जिन्यात पसरलेला. ती दारातून डोकावली. "का वं ताई, आज कोण येऊन राहिलं? जावई?" आई कढईतून मान वर न करता म्हणाली, "पोट्टेच खातील, दुसरं कोण." कुंदामावशीने एक वडी उचलली, तोंड भाजलं, "हा हा" करत खाली उतरली. सायकलची घंटी वाजवत गेली. आईने गॅस बारीक केला, हात पुसले आणि मला म्हणाली, "शुभे, रंजी आणि गुड्डीले बोलाव. त्यांचं घर बंद कर. बाहेरून कुलूप लाव."

त्या दुपारी तिने सोनूला झोपवलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "राहू दे." तो डोळे चोळत, किरकिर करत फिरत होता. चार वाजायच्या सुमारास खाली मॅडमची पांढरी गाडी थांबली. आईने लगेच ताटं मांडली. गुड्डीला मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या हाताने तिला भरवायला लागली. सोनूला मांडी हवी होती. तो आला, आईचा दंड ओढला. आईने त्याला कोपराने बाजूला केलं. तो परत आला. परत कोपर. तिसऱ्यांदा तो जमिनीवर बसून जे रडायला लागला, ते सिन्हा मॅडम दारात उभ्या होत्या तरी थांबेना. मॅडमना दिसलं ते असं: समोरच्या दाराला कुलूप, आणि इकडे एक थकलेली बाई, चार पोरं, दुसऱ्याची पोरगी मांडीवर आणि स्वतःचा मुलगा फरशीवर रडतोय.

"ये बच्ची?" मॅडमनी विचारलं.

"कुंदा की है, मॅडम. सामनेवाली."

"और कुंदा?"

"ड्यूटी पे." आई इतकं हळू बोलली की मॅडमना वाकावं लागलं. "उसका कोई टेन्शन नहीं है मॅडम, मैं हूँ ना. बहुत अच्छी है कुंदा. बेचारी बेफिकर होके जाती है."

मॅडमनी रंजीला जवळ बोलावलं. रंजी पाहुण्यांसमोर हुशारी दाखवणारी पोरगी. मॅडम म्हणाल्या, "बेटा, आप स्कूल के बाद कहाँ रहते हो?" रंजीने छाती पुढे काढून सांगितलं, "यहीं. मोठी आई के पास. हम तो इधर ही रहते हैं." तिला वाटलं, आपण मोठ्या आईचा मान वाढवतोय. त्यात खोटं काहीच नव्हतं. सकाळचं मात्र मॅडमनी विचारलं नाही, आणि आईनेही सांगितलं नाही. बाबांचं तर कुणीच विचारलं नाही. ते आतल्या खोलीत होते, शनिवारची अर्धी सुट्टी म्हणून कूलर लावून झोपलेले. मॅडमनी एक सांभारवडी खाल्ली, छान झालीय म्हणाल्या, सोनूच्या गालावर हात फिरवला आणि आईच्या खांद्यावर थोपटलं. "आप अपने बच्चे को कब देखती हैं?" त्यांनी विचारलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं, पैजेवर सांगते. इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न पहिल्यांदा कुणी मायेने विचारला होता, आणि तो ऐकायला तिला कुंदाच्या घराला कुलूप लावावं लागलं.

सोमवारी निकाल लागला. आईला फ्लेक्सी. अट एकच, ही सवलत स्वतःच्या मुलांसाठी आहे, पाळणाघर चालवायला नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, मी अधूनमधून न सांगता येऊन बघेन, तुम्ही आता दुसऱ्यांचं ओझं घ्यायचं नाही. आईच्या भल्यासाठीच म्हणाल्या होत्या त्या. कुंदामावशीला लॅबमध्ये मॅडमनीच सांगितलं, शनिवारी तुम्ही घरी नव्हतात, मी तर निरोप पाठवला होता.

त्या संध्याकाळी कुंदामावशी जिना चढून आली ती चपला न काढता आमच्या दारात उभी राहिली. मी आणि रंजी पायऱ्यांवर सागरगोटे खेळत होतो. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती गोंधळून गेली होती. "ताई, मॅडम शनिवारी येनार हे तुमाले मालूम होतं?"

"होतं," आई म्हणाली.

"मंग मले कावून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं केली असती माझी शिफ्ट?"

कुंदामावशी खरं तेच बोलली. "नसती केली."

"मंग?" आई म्हणाली.

या 'मंग'वर मी आजपर्यंत अडून बसले आहे. दुसरी एखादी बाई खोटं बोलली असती, रडली असती, विसरले म्हणाली असती. आमच्या आईने ते केलं नाही. कुंदामावशीने चौकटीला हात लावला. "बरं, भेटलं ना तुमाले, चांगलं झालं. आता माह्ये पोट्टे दुपारी तुमच्याजवळ, सकाळचं मी पाहीन कसंबी."

"नाही जमनार, कुंदा."

"का म्हणता?"

"तुही पोट्टी माझ्या घरात दिसली तं मॅडम फ्लेक्सी काढून घेईन. मी त्यायले दाखवलं का दुसऱ्याची पोरं पाहून पाहून मी थकली. आता उद्यापासून त्यांना इकडं नको पाठवू."

"दुसऱ्याची?" कुंदामावशी म्हणाली. "ताई, माही गुड्डी दूध पिली आहे तुमचं. अन् तुमचा सोन्या माह्यं पिला."

"मले आठवते," आई म्हणाली. "पर त्यानं माझी नोकरी वाचत नाही." आणि कुंदामावशीचा हात चौकटीवर असतानाच तिने दार हळूहळू लोटलं. कुंदामावशीने हात काढेपर्यंत थांबली, हेही सांगायला हवं. मग कडी लावली.

पुढचं फार नाही. कुंदामावशीने उन्हाळ्यापर्यंत रेटलं. तिची ए शिफ्ट असली की गुड्डीला खालच्या मजल्यावरच्या म्हातारीकडे सोडायची. बी असली की रंजी शाळेतून आली की आतून कडी. सी शिफ्ट आली की बाहेरून कुलूप. एक दिवस रंजी शाळेत यायची थांबली. गुड्डीला ताप होता म्हणून आठवडा गेला, मग परीक्षा बुडाली, मग ते तसंच राहिलं. शेवटी कुंदामावशीने राजीनामा दिला आणि नवऱ्याला तिकडे क्वार्टर मिळालं तशी नंदिनी नगरला गेली. सामान नेणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेली. वर पाहिलं नाही. आम्ही गच्चीवर होतो, आई नव्हती. पुढे ऐकलं की ती साड्यांना फॉल-पिको करते. माझी आई त्याच लॅबची प्रमुख म्हणून निवृत्त झाली. निरोपाच्या समारंभात कुणीतरी भाषणात म्हणालं, घर आणि करिअर सांभाळावं तर यांच्यासारखं. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

आता आई माझ्याकडे रायपूरला असते. मी घरून काम करते, दिवसभर कानाला हेडफोन. माझी पोरगी आईजवळ असते, म्हणून माझी नोकरी चालली आहे. चाळिशी जवळ आली माझी आणि अजून मला या बाईवर ओरडायचं धैर्य होत नाही, कारण मी ओरडले आणि ती वर्ध्याला निघून गेली तर सोमवारच्या मीटिंगला माझ्या मांडीवर पोर असेल. एवढी मी लाचार आहे. एकदा हिंमत करून विचारलं, "तुला कधी कुंदामावशीची आठवण येते का?" ती नातीला वरणभात कालवत होती. म्हणाली, "रोज येते." मला भरून आलं. मी म्हटलं, "मग वाईट वाटतं?" तर म्हणाली, "वाईट वाटून काय करू? तुहे बाप म्हणाले होते राजीनामा दे. दोघींतून एक जानारच होती. मी नाही गेली." आणि घास पोरीच्या तोंडात घालून म्हणाली, "तुहे बाप मरेपर्यंत गरम पोळी खाऊन गेले. त्यायले कधी काही विचारलं का तू?" राग आला, तिच्यावर, बाबांवर, त्या गोड सिन्हा मॅडमवर, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीवर की तिचं म्हणणं पूर्ण चूक नाही. पण मला फ्लेक्सीच्या पहिल्या आठवड्यातली ती दुपार आठवते, आणि मग आईचं कुठलंच म्हणणं माझ्या गळी उतरत नाही.

आई तीनला घरी आलेली होती. आम्हाला गरम जेवण मिळालेलं. कूलर चालू, वाळ्याचा ओला वास, दूर यार्डात वॅगन एकमेकांना धडकत होत्या. आई पलंगावर बसून आकडेमोड करत होती, कॅल्क्युलेटरचे आवाज येत होते, सोनू तिला टेकून बसला होता. तो किती खूश होता! मी माझ्या आईला दिवसाच्या उजेडात इतकं निवांत कधी बघितलं नव्हतं. तेवढ्यात दारावर थाप पडली. मोठ्या माणसाची नव्हे, खाली, कडीच्या बऱ्याच खाली, तळहाताची.

"मोठी आई!" गुड्डीचा आवाज. "मोठी आई, दार उघड!"

मी उठले. आईने नुसती मान हलवून मला बसवलं. ओठांवर बोट ठेवलं.

"मोठी आई, मले झोप आली!"

खरंच तिची झोपायची वेळ होती ती. ती आईच्या कुशीत झोपायची, रोज, या वेळी. आईने कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला, म्हणजे त्याचा आवाज नको. थाप पडतच राहिली. मग गुड्डीने आमची नावं घ्यायला सुरुवात केली, माझं, मग सोनूचं. "सोनू! सोन्या! आहेस का रे?"

सोनूला राहवलं नाही. तो पलंगावरूनच, जमेल तेवढ्या शहाण्या आवाजात ओरडला, "आई घरी नाही!"

थाप थांबली. आईच्या चेहऱ्यावर हसू आलं, पटकन गेलं. मग दाराच्या फटीला तोंड लावून बोलल्यासारखा गुड्डीचा आवाज आला. "मंग तू कोनाजवळ आहेस?"

सोनूने आईकडे पाहिलं. आई त्याच्याकडे बघत नव्हती. "कोणाजवळच नाही," तो म्हणाला.

"मंग इकडं ये ना," गुड्डी म्हणाली. "माह्या घरी रंजी आहे. आमी वरण केलं. ये."

सोनू पलंगावरून उतरला आणि चपला शोधायला लागला. एक सापडली, दुसरी पलंगाखाली गेली होती, तो वाकून तिच्यापर्यंत हात पोहोचवत होता. आईने त्याचा दंड इतका घट्ट धरला की तो वळून तिच्याकडे बघायलाच लागला. ती त्याच्या कानाशी वाकली.

"बस खाली," ती कुजबुजली. "आई घरी आहे तुही."

सोनू तिच्याकडे बघत राहिला. "मंग तिले सांग ना," तो म्हणाला.